हिशेबाची वही कुणाची?

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, 'विद्यार्थ्यांच्या खर्चाची नोंद ठेवणारं ॲप आम्ही कसं तयार केलं'. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रकल्प म्हणून हे ॲप केलं. तुम्ही शोधलंत तरी ते प्ले स्टोअरवर मिळणार नाही. आमचा वर्ग आणि वसतिगृह यांच्या बाहेर ते कधी गेलंच नाही. पण ते करताना आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. त्या चुका सांगायला मी आले आहे. तुमच्यातले काही जण उद्या ॲप तयार करतील, आणि वापरणार तर सगळेच आहेत.

मी इचलकरंजीची. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. पगार आठवड्याचा. वीज गेली, सूत आलं नाही, माग बंद राहिला, की पगार कमी. घरात एक लांबट वही होती, तिच्यात अब्बा रात्री हिशेब लिहायचे. किराणा दुकानाचं खातं, अम्मीची भिशी, मामूंकडून घेतलेले उसने. लहानपणी मला ती वही कंटाळवाणी वाटायची. कोल्हापूरला शिकायला गेले आणि महिन्याच्या वीस तारखेलाच पैसे संपायला लागले, तेव्हा तिची आठवण झाली. प्रकल्पाचा विषय मीच सुचवला. अब्बांची वही मोबाईलमध्ये आणायची, इतकी साधी कल्पना होती.

प्रत्यक्षात आम्ही केलं भलतंच.

आम्ही सुरुवातच या समजुतीने केली की विद्यार्थी उधळतात. चहा, वडापाव, बिर्याणी, रिचार्ज, ऑनलाइन खरेदी. त्याला शास्त्राचा आधारही होता. ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांच्या बोली कितीतरी चढ्या निघाल्या. हातातून नोट जाताना जे टोचतं, ते कार्डाने टोचत नाही. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लागला. दहा रुपयेही आता न टोचता जातात. तेव्हा आम्ही ठरवलं, आपलं ॲप टोचेल.

म्हणून प्रत्येक खर्चाला दोन खाने ठेवले, 'गरज' आणि 'चैन'. चैन वाढली की पडदा लाल. आठवड्याचा खर्च ठरलेल्या रकमेच्या आत राहिला की हिरवा तारा आणि 'शाब्बास!' नोंद करायचे कष्ट नकोत म्हणून बँकेचे मेसेज वाचून ॲप आपोआप हिशेब मांडायचं. वीसेक मित्र-मैत्रिणींनी ते वापरून बघायचं कबूल केलं.

पहिल्याच आठवड्यात भांडणं सुरू झाली. चहा गरज की चैन? प्रॅक्टिकलच्या ग्रुपबरोबर टपरीवर बसलं नाही तर जर्नल कुणाचं बघायचं? महिन्याचं रिचार्ज चैन कसं, जेव्हा नोट्स, वेळापत्रक, परीक्षेची सूचना सगळं व्हॉट्सॲपवर येतं? एक मैत्रीण म्हणाली, "लायब्ररीतून रात्री नऊला निघते तेव्हा मी रिक्षा करते. तुमचं ॲप त्याला चैन म्हणतं. मग मी चालत येऊ का?" एका मित्राने विचारलं, "सदक्याचे वीस रुपये कुठे लिहू?" दुसऱ्याने विचारलं, "वसतिगृहातल्या गणपतीची वर्गणी कुठे लिहू?" आमच्याकडे दोघांसाठीही एकच खाना होता, 'इतर'.

मेसेज वाचण्याची युक्तीही फसली. पाच जण जेवायला जातात, बिल ६०० रुपये होतं. एक जण भरतो, बाकीचे चौघं त्याला १२०-१२० रुपये पाठवतात. त्याचा खरा खर्च १२०. आमचं ॲप दाखवायचं खर्च ६०० आणि उत्पन्न ४८०. आणि रोखीने दिलेलं काहीच दिसायचं नाही. एसटीचं तिकीट, झेरॉक्स, भाजीवालीकडची केळी, सगळं गायब. घरून रोख पैसे घेऊन येणारा विद्यार्थी ॲपच्या लेखी काही खातच नव्हता.

इथपर्यंत आम्हाला हे सगळं किरकोळ वाटत होतं. दुरुस्त करू म्हणालो.

मग एक दिवस आमचा एक मित्र, त्याचं नाव मी घेणार नाही, मेसच्या बाहेर भेटला. त्याला सलग तीन आठवडे हिरवा तारा मिळाला होता. मी त्याचं कौतुक केलं. तो हसून म्हणाला, "तुमच्या ॲपला मी उपाशी राहिलेलं फार आवडतं."

शिष्यवृत्ती आली नव्हती. घरी आजारपण निघालं होतं, मागायची सोय नव्हती. त्याने रात्रीची मेस बंद केली होती. रोज संध्याकाळी बिस्किटाचा पुडा आणि पाणी. आणि आमचं ॲप त्याला 'शाब्बास' म्हणत होतं.

पुढचं आणखी वाईट होतं. त्याने एका ॲपवरून कर्ज घेतलं होतं. कागदावर ३,००० रुपये. प्रोसेसिंग फी, अमुक शुल्क, तमुक शुल्क कापून हातात आले २,५५०. पंधरा दिवसांनी भरायचे ३,३००. तुम्हीच हिशेब करा. २,५५० रुपये वापरायला ७५० रुपये. पंधरा दिवसांत २९ टक्क्यांहून जास्त. आपल्यातले कितीतरी जण व्याजापासून लांब राहायचं ठरवतात. पण इथे पडद्यावर व्याज म्हणून फार थोडं लिहिलेलं असतं, बाकीचं सगळं 'शुल्क' या शब्दाखाली लपतं. कर्ज घेताना त्या ॲपने फोनमधल्या नंबरांची परवानगी मागितली, याने बटण दाबलं. हप्ता दोन दिवस चुकला तर थेट मामूंना फोन गेला. मामू काही त्याचे जामीनदार नव्हते. त्यांचा नंबर फोनमध्ये होता, इतकाच त्यांचा संबंध.

आणि आमच्या ॲपने काय केलं? बँकेचा मेसेज वाचला, २,५५० रुपये 'जमा' धरले आणि त्या आठवड्यात आणखी एक तारा दिला.

त्या रात्री आम्ही चौघंही गप्प होतो. आम्ही फक्त 'पैसा गेला कुठे' हे विचारत होतो. त्याची अडचण होती 'पैसा येणार कधी' ही. तो उधळ्या नव्हताच. एक-दोघांचा हात खरंच सैल होता, नाही असं नाही. पण आम्ही नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा बहुतेकांचं दुखणं हेच निघालं. पैसे थोडे होतेच, पण ते येण्याच्या तारखा आणि देण्याच्या तारखा जुळत नव्हत्या.

याच काळात आमच्या सरांनी एका पुस्तकाचं नाव सांगितलं, 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर'. २००९ मध्ये आलेलं. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मोर्डक, स्टुअर्ट रुदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन या चौघांचं. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या पैशांच्या नोंदी वर्षभर ठेवल्या गेल्या, त्यावर ते आधारलेलं आहे. त्यात दिसतं की कमी कमाईच्या घराचा त्रास दुहेरी असतो. पैसा कमी असतो, आणि जो येतो तो वेळेवर, सारखा येत नाही. म्हणून ही माणसं सतत काहीतरी फिरवत असतात. उसने, भिशी, दुकानाची उधारी, शेजारणीकडे ठेवायला दिलेले पैसे. वाचताना मला आमच्या घरातली वही दिसत होती. सुट्टीत घरी गेले तेव्हा ती काढून बघितली. प्रत्येक आठवड्याच्या पानावर सगळ्यात वर अब्बांनी लिहिलं होतं, कुणाकडून किती आणि कोणत्या वारी येणार. मग कुणाला किती द्यायचे. खर्च सगळ्यात खाली. 'गरज' आणि 'चैन' असे शब्द त्या वहीत कुठेच नव्हते.

आम्ही ॲप पुन्हा लिहायला घेतलं. तारे काढले. लाल-हिरवे रंग काढले. मेसेज वाचणं बंद केलं. तसंही प्ले स्टोअरने २०१८ मध्येच त्या परवानगीवर कडक मर्यादा आणल्या आहेत, पण आमचं कारण वेगळं होतं. हाताने लिहिलेली नोंद लक्षात राहते. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही छापून काढली. तिला काकेइबो म्हणतात. शंभर वर्षं उलटून गेली तरी तिकडे लोक ती हाताने भरतात. लिहिताना दोन क्षण थांबावं लागतं, तेच तिचं काम.

नव्या ॲपमध्ये पहिला प्रश्न होता, 'पुढचे पैसे कधी येणार?' दुसरा, 'त्याआधी कोणते पैसे द्यायचेच आहेत?' मग एक साधं गणित. समजा आज हातात २,६०० आहेत. मेसचे १,४०० द्यायचेत, परीक्षेच्या फॉर्मचे ५००. उरले ७००. घरून पैसे यायला २० दिवस आहेत. म्हणजे रोजचे ३५ रुपये. पडद्यावर मोठ्या अक्षरात एवढंच, '२० दिवस, रोज ३५'. हा आकडा बघून माणूस काय ते ठरवतो. मेसवाल्या काकांना मुदत मागायची, घरी आत्ताच सांगायचं, का मित्राकडून घ्यायचे. ॲपने उपदेश करायची गरज नाही. आणि रोजचा आकडा एका जेवणाच्याही खाली गेला तर ॲप 'शाब्बास' म्हणायचं नाही, विचारायचं, 'कुणाशी बोलायचं का?' खाली आपण स्वतः निवडलेल्या दोन माणसांची नावं.

उसन्यांना वेगळं पान दिलं, घेतलेले आणि दिलेले. दिलेले उसने म्हणजे खर्च नाही आणि घेतलेलं कर्ज म्हणजे उत्पन्न नाही, हे संगणकाला शिकवायला आम्हाला एक सत्र लागलं. कर्ज लिहिताना दोनच आकडे विचारायचो, हातात किती आले आणि परत किती द्यायचे. मधलं अंतर ॲप मोठ्या अक्षरात दाखवायचं, त्याला शुल्क म्हणा नाहीतर आणखी काही. आणि 'इतर' फोडून एक खाना केला, 'दुसऱ्यांसाठी'. सदका, वर्गणी, धाकट्या बहिणीच्या फॉर्मचे पैसे, अम्मीसाठी घेतलेली चप्पल. हा खाना सगळ्यात जास्त आवडला. आपण फक्त घरून पैसे मागत नाही, आपणही काही देतो, हे मुलांना तिथे दिसायचं.

आता दुसरी चूक. ही जास्त माझी आहे.

मधल्या सादरीकरणात परीक्षकांनी एक सूचना केली. पालकांना महिन्याचा अहवाल जाऊ द्या, म्हणजे ॲपचा उपयोग वाढेल. आम्हाला पटलं. पैसे पालकांचेच असतात ना! अहवाल पाठवणारा कोड मी लिहिला. महिन्याच्या एक तारखेला पालकांच्या फोनवर यादी जायची. मुलांकडून संमती घेतली होती, पण कशी, तर सुरुवातीलाच एका पानावर बारीक अक्षरात, आणि 'पुढे जा' हे बटण.

माझ्या एका मैत्रिणीच्या यादीत ओळ होती, 'दवाखाना १,२००'. काही गंभीर नव्हतं. पण तिने ते घरी सांगितलं नव्हतं, निदान होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं. वडिलांनी यादी बघितली आणि घाबरून फोन केला. मग फुफींचा फोन आला. मग खालाचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या खानदानात चर्चा. वडिलांचा यात दोष नाही, काळजीच होती ती. तिचाही दोष नाही. फक्त कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे ठरवायची तिची संधी माझ्या कोडने घेतली. ती मला एवढंच म्हणाली, "तुला विचारावंसंही वाटलं नाही?"

त्यानंतर तिने खऱ्या नोंदी करणं सोडलं. बातमी पसरली तशी बाकीच्या मुलींनीही. पुढच्या महिन्यात आमच्या ॲपनुसार मुलींच्या वसतिगृहातला झेरॉक्सचा खर्च भलताच वाढला. डॉक्टर, रिक्षा, मैत्रिणीचा वाढदिवस, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, सगळं 'झेरॉक्स'. वहीत खोटं शिरलं की ती वही कुणाच्याच कामाची राहत नाही, लिहिणाऱ्याच्या तर नाहीच. आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. अहवाल चालू ठेवा, असा आग्रह ज्या पालकांनी धरला, ते जवळजवळ सगळे मुलींचे पालक होते. मुलांच्या पालकांना यादीची फारशी गरज वाटली नाही.

पालकांनी पैशांबद्दल विचारूच नये, असं मी म्हणत नाही. ज्याने यंत्रमागावर रात्रपाळी करून पैसे पाठवले, त्याला विचारायचा अधिकार आहे. पण माणसाने माणसाला विचारणं वेगळं आणि यंत्राने पाठीवर नजर ठेवणं वेगळं. विचारलं तर सांगता येतं, समजावता येतं, कधी भांडताही येतं. पाळत ठेवली तर फक्त लपवता येतं.

कायद्याचंही थोडं सांगते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निर्वाळा दिला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती स्पष्ट हवी, नेमक्या कामासाठी हवी आणि मागे घेता आली पाहिजे, हे त्यात आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. १८ पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची संमती त्याची स्वतःची. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, फाइली, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. तुमच्याकडे कुणी ही परवानगी मागितली, तर तिथेच थांबा. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करा. बेकायदा कर्ज देणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि घरी धमकीचा फोन गेला म्हणून लाजेने गप्प बसू नका. आमचा मित्र तीन आठवडे गप्प होता. तेवढ्यात रक्कम आणखी वाढली.

आम्ही अहवाल काढून टाकला. सगळ्या नोंदी विद्यार्थ्याच्याच फोनमध्ये, पिन टाकून. आमच्याकडे, कॉलेजकडे, कुणाकडेही काही जात नाही. घरी दाखवायचं असेल तर विद्यार्थी स्वतः बेरीज दाखवेल, हवं तर ओळ न् ओळ दाखवेल.

याची किंमतही मोजावी लागली. फोन हरवला की हिशेब हरवला. एका मुलाचं सहा महिन्यांचं लिखाण असंच गेलं. शेवटच्या सादरीकरणात आमच्याकडे दाखवायला आलेख नव्हते, कारण आकडे आमच्याकडे नव्हतेच. 'पालकांना काय मिळणार?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर एकच होतं, 'त्यांनी मुलांशी बोलावं.' ॲप सगळ्या विद्यार्थ्यांना द्यायचं ठरत होतं, ते तिथेच राहिलं. गुणही बेताचेच मिळाले. माझ्या मैत्रिणीने मात्र पुन्हा नोंदी सुरू केल्या. दवाखान्याला दवाखाना म्हणून.

तुमच्यातल्या ज्यांना ॲप करायचं आहे, त्यांना एवढंच सांगते. कोड लिहायच्या आधी दोन गोष्टी विचारा. ज्याचा हिशेब आहे, त्याला यातून काय कळणार? आणि त्याच्याशिवाय हे दुसरं कोण बघणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडावर, मोठ्या अक्षरात सांगता येत नसेल, तर ते काम करू नका.

बाकीच्यांना ॲपची गरज नाही. आज रात्री वहीचं मागचं पान घ्या. वर लिहा, पुढचे पैसे कधी आणि किती येणार. खाली, द्यायचे किती. उरलेल्याला दिवसांनी भागा. जो आकडा येईल, तो बघून घाबरू नका. आणि तो एका जेवणापेक्षा कमी आला, तर एकट्याने बिस्किटावर दिवस काढू नका. बाजूच्या खोलीतल्याला सांगा. त्याच्याही वहीत बहुधा तसलाच आकडा असतो.

आमचा तो मित्र आता नोकरीला लागला आहे. मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला. वसतिगृहातल्या एका नव्या मुलाची रात्रीची मेस त्याने भरली होती. मला विचारत होता, "हे कोणत्या खान्यात लिहू?"